ऱ्होड्सचं जुनं शहर: सकाळी सातला पाच स्टार, दुपारी बाराला दोन

स्टार द्यायचे तर वेळेप्रमाणे द्यावे लागतील, म्हणून टायटल असं आहे. सप्टेंबरमध्ये मी आणि ताई चार रात्री ऱ्होड्सला राहिलो, ग्रीसचं बेट पण समोर तुर्कस्तान इतकं जवळ की हवा स्वच्छ असेल तर किनारा सरळ दिसतो. बहुतेक लोक बीचवरच्या मोठ्या हॉटेलात राहतात आणि जुनं शहर एका दुपारी उरकतात. आम्ही मुद्दाम जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत खोली घेतली आणि हा निर्णय सोडला तर बाकी सगळं थोडंफार चुकलं तरी चाललं असतं.

आधी वैताग सांगते. गल्ल्या सगळ्या गोट्यांच्या आहेत, म्हणजे समुद्रातले काळेपांढरे गोटे उभे रोवून केलेली फरसबंदी, दिसायला अप्रतिम आणि चाकाच्या बॅगेचा काळ. टॅक्सीवाल्याने तटबंदीच्या दरवाजाबाहेर उतरवलं, पुढे ताईने बॅग डोक्यावर घ्यायची तेवढी बाकी ठेवली होती. पाठीवरची सॅक न्या आणि जाड सोलचे बूट घाला, चपला घालून दुसऱ्या दिवशी तळपायांनी संप केला.

आता दुपारचे दोन स्टार. क्रूझ जहाजं अगदी तटबंदीला खेटून लागतात, दहाच्या सुमाराला त्यातून माणसं बाहेर पडतात आणि सगळी एकाच रस्त्यावर येतात, सॉक्रेटिस स्ट्रीट. मॅग्नेट, स्पंज, चामड्याच्या चपला, परत मॅग्नेट. बिचाऱ्या सॉक्रेटिसचा ह्यात काय दोष. पुढच्या कारंज्याच्या चौकात वेटर मेन्यू घेऊन अक्षरशः वाट अडवतात आणि आम्ही पहिल्या दिवशी भुकेपोटी सापडलो. मासा किलोच्या भावाने असतो हे मेन्यूत बारीक अक्षरात होतं, वजन न विचारता हो म्हटलं आणि एक मासा, एक सॅलड, दोन ज्यूसचे 74 युरो गेले. नाव लिहीत नाही, त्या चौकात सगळ्यांचीच तऱ्हा सारखी वाटली. मासा घ्यायचाच तर आधी वजन करून भाव विचारा, तिथे त्यात कुणालाच वावगं वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्ल्यांत जेवलो आणि पितारूद्या सापडल्या, हरभऱ्याच्या भज्या म्हणा ना, पुदिना टोमॅटो घालून तळलेल्या, खास ऱ्होड्सच्या. शाकाहारी लोकांनी डोळे मिटून मागवाव्यात. मेलेकूनी पण घ्या, तीळ आणि मधाची वडी, तिथे लग्नात वाटतात.

ग्रँड मास्टरचा, म्हणजे इथे राज्य करणाऱ्या नाइट्स या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या प्रमुखाचा, राजवाडा बाहेरून बघून छाती दडपते, पण खरं सांगायचं तर तो बराचसा नवा आहे. 1856 मध्ये दारूगोळ्याचा स्फोट होऊन मूळ वाडा उडाला, बेट इटलीच्या ताब्यात असताना 1937 ते 1940 मध्ये तो परत उभारला आणि आतली मोझेकं शेजारच्या कोस बेटावरून आणून बसवली. हे कळल्यावर ताईचा मूडच गेला, म्हणाली मग तिकीट कशाला काढलं. मला मोझेकं आवडली, पण वेळ कमी असेल तर वाड्याऐवजी म्युझियम करा. ते नाइट्सच्या जुन्या इस्पितळात आहे आणि इमारतच निम्मं म्युझियम आहे.

खरा माल फुकट आहे, तो म्हणजे खंदक. किल्ले बघायची सवय असलेल्या माणसाला इथे वेड लागेल. नाइट्स 1309 ला आले, दोनशेहून जास्त वर्षं तट जाड करत राहिले, 1480 चा ऑटोमन तुर्कांचा वेढा परतवला आणि 1522 ला सुलतान सुलेमान स्वतः आला तेव्हा सहा महिने लढून शेवटी बेट सोडलं. जवळजवळ 4 किलोमीटरचा तट, त्याच्या बाहेरून कोरडा खंदक, आणि त्यात तुम्ही चालताय, दोन्ही बाजूंना भिंती, गवतात दगडी गोळे तसेच पडलेले. आम्हाला तासभरात फक्त एक कुत्रा फिरवणारे आजोबा आणि मांजरं भेटली. वरती हजारो लोक मॅग्नेट घेत होते तेव्हा!

मांद्राकी बंदरात कोलोसस शोधू नका. 33 मीटरचा तो ब्राँझचा पुतळा इसवी सन पूर्व 226 च्या भूकंपात पडला, उभा जेमतेम पन्नासेक वर्षं होता. मॅग्नेटवर तो बंदराच्या तोंडावर तंगड्या फाकून उभा दाखवतात पण अभ्यासक ते मानत नाहीत. आता तिथे दोन खांबांवर हरीण आणि हरिणी आहेत, तीन पवनचक्क्या आहेत, संध्याकाळी वारा छान.

ज्यू वस्तीकडे बहुतेक टूर नेत नाहीत, तुम्ही जा. काहाल शालोम सिनेगॉग 1577 चं आहे. जवळच समुद्रघोड्यांच्या कारंज्याचा चौक आहे, तिथे 1944 मध्ये नाझींनी ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत पाठवलेल्या इथल्या ज्यूंचं स्मारक आहे, काळ्या दगडावर अनेक भाषांत लिहिलेलं. बाजूच्याच टेबलांवर लोक आइस्क्रीम खात होते. आम्ही घेतलेलं आइस्क्रीम हातात तसंच वितळलं.

आणि सकाळी सात. नाइट्सची गल्ली, चढ, दोन्हीकडे देशादेशांच्या नाइट्सचे दगडी वाडे, फ्रान्सवाल्यांचा वेगळा, इटलीवाल्यांचा वेगळा, प्रत्येकाच्या दारावर आपापलं चिन्ह. एकही माणूस नाही, फक्त कुणीतरी दुकानासमोर पाणी मारत होतं त्याचा आवाज. ताईने फोटो काढायला मोबाइल उचलला आणि परत खिशात ठेवला. साडेनऊला आम्ही खाली आलो तेव्हा बंदरात तीन जहाजं लागलेली होती, मग सरळ बेटावरच्याच लिंडोस गावाची बस पकडली.