मिक्सर रिपेअरी एक नंबर, पण हेलपाटे कोण मोजणार?

सांगलीतल्या एका मिक्सर रिपेअरीच्या दुकानाला दोन स्टार देतेय. नाव लिहीत नाही, उगं कुणाच्या पोटावर पाय नको. आणि ते दोन्ही स्टार पण आत बसलेल्या कारागीर पोराचे.

ऐन चटणीच्या दिवसांत मिक्सरमधनं ठिणग्या उडायला लागल्या, जळका वास सुटला, खोबरं अर्धवट भरडलेलं तसंच भांड्यात. आम्ही तासगावचे, सांगली २५ किलोमीटर. पहिल्यांदा गेले तर पोरानं लगेच उघडून दाखवलं, मोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजून नखाएवढे राहिलेले आणि कपलरचे, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या चकतीचे, दाते गेलेले. मोटर चांगली आहे, रिवाइंडिंग, म्हणजे मोटरची तार नव्यानं गुंडाळणं, करू नका म्हणाला. दुसऱ्या कुणी हजारभर रुपये काढले असते, एवढं खरं.

परवा या म्हणाले म्हणून परवा गेले, तर कपलर आलाच नव्हता. मालक म्हणतो, "ताई, अजून एक हेलपाटा घालावा लागंल बघा." अशा थाटात जसं काय हेलपाटा बिलातच धरलाय!

आमच्याकडं हा शब्द रोजचाच. काम अडून बसलं की खोटी, आपली चूक नसताना खिशाला चाट बसली की भुर्दंड, आणि हात हलवत माघारी आलं की हेलपाटा, त्यात खोटी पण आली आणि भुर्दंड पण, वर पाय दुखतात ते वेगळंच. आमचे हे म्हणतात, बायकांना २०२३ पासनं एसटीचं अर्धं तिकीट आहे की, तुझं काय गेलं? अहो तिकीट अर्धं, दिवस तर अख्खाच जातोय ना.

तिसऱ्या वेळी शटर अर्धं खाली, मालक जेवायला. फोन उचलत नाहीत, नंबर मात्र पाटीवर मोठ्ठा. घरी परत येऊन दारातनं आत आले तर आत्ती चटणीचं पातेलं झाकत म्हणाल्या, "झाला हेलपाटा?"

चौथ्या वेळी मिळाला. बिल ३२० रुपये, वाजवी. जाऊन येऊन २०० किलोमीटर झाले, तेवढ्यात जवळजवळ पुणं आलं असतं. मिक्सर आता मस्त चालतोय, सुकं खोबरं, लसूण सगळं बारीक, आवाज पण कमी.

फक्त मोठ्या भांड्याचं झाकण दुकानातच राहिलंय. सध्या वर ताटली दाबून धरतेय.