नारिंगी रंगाखाली न्हाणीघराचा पाइप

कोथरूडमधील आमच्या ११ मजली सोसायटीचा मी सचिव असून, बँकेत ३० वर्षे कर्जदारांची कागदपत्रे तपासून निवृत्त झालो आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण फसलेला माणूस अडाणीच असणार, असे मीही समजत असे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘नमुना ब’ हे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. जून संपत आला तरी आमच्या पॅसेजमध्ये स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारी तोंडे, बसलेले नव्हते आणि सभासद माझ्याच नावाने खडे फोडत होते. अशा वेळी आलेला ठेकेदार म्हणाला, “काका, स्लॅबखाली लोखंडी पाइप चढवायचा म्हणजे वेल्डिंग, ठिणग्या, धूर, त्यापेक्षा प्लास्टिकचा सीपीव्हीसी घ्या.” हे बोलणे खोटे नव्हते, आणि हीच गोम आहे. स्प्रिंकलरसाठीचा नारिंगी सीपीव्हीसी पाइप खरोखर असतो, त्याला आयएस १६०८८ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे आणि कमी धोक्याच्या जागांत तो वापरतातही.

एकूण काम ७,८६,४०० रुपयांचे ठरले. आगाऊ ३,१४,५६० आणि माल आल्यावर २,३५,९२०, असे ५,५०,४८० रुपये आम्ही दिले. दुसरा हप्ता त्याच्या सांगण्यावरून त्याच्या वैयक्तिक खात्यात गेला. असे कधीही करू नका.

टेम्पोतून माल उतरताना एक पाइप मी स्वतः हातात घेतला आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर नारिंगी डाग उमटला. “नवा माल आहे, काका, सुरुवातीला रंग सुटतोच,” असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली! खऱ्या पाइपचा रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो, तो बाहीला लागत नाही. शिवाय त्या पाइपवर मानकाचा, व्यासाचा, दाबाचा एकही छापील शब्द दिसत नव्हता. सातबाऱ्यावरची खाडाखोड भिंगाखाली धरणाऱ्या मी त्या दिवशी खिशातला चष्मासुद्धा काढला नाही. मुदत डोक्यावर होती, हे खरे. पण तो डाग मी पाहिला होता, हेही खरे.

पाइप चिकटवणारे सोल्युशन लावल्यावर जोड वाळायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. त्याने त्याच संध्याकाळी ६ किलो दाबावर २० मिनिटे पाणी भरून ‘टेस्ट झाली’ म्हणून सही घेतली. एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या अमेरिकी मानकानुसार ही चाचणी सुमारे १४ किलो दाबावर २ तास घ्यायची असते. गेजसमोर खुर्ची टाकून बसा. नवव्या दिवशी रात्री अडीच वाजता तिसऱ्या मजल्यावरचा जोड सुटला, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरले आणि दुरुस्तीचे ३८,५०० रुपये वेगळे गेले. सकाळी आमच्या नेहमीच्या प्लंबरने ब्लेडने रंग खरवडला. खाली मळकट पिवळा पाइप, त्यावर आयएस १५७७८. “काका, हा तर बाथरूमचा पाइप!” एक इंची घरगुती पाइपचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर आणि स्प्रिंकलरच्या पाइपचा ३३.४, साध्या टेपनेही कळले असते.

चौकीत सांगितले, हा दिवाणी वाद आहे. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, पाइपची जबाबदारी परवानाधारक एजन्सीची. त्या एजन्सीकडे गेलो तर ठेकेदाराने दाखवलेली परवान्याची झेरॉक्स आपली, पण हा माणूस आपला नव्हे, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी, बिलावर जीएसटी क्रमांक नाही म्हणून अर्ज अपूर्ण ठरला, जणू चोराने पावती नीट दिली नाही हाही माझाच गुन्हा. आणि चौथ्या खिडकीवर तर, पाइपचा तुकडा टेबलावर ठेवला म्हणून, “हा कचरा उचला आधी,” असे ऐकावे लागले. पाच आठवड्यांत माझ्या हाती फक्त आवक क्रमांकाचे चार शिक्के आले.

पाइपवरचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा आयएसआय परवाना क्रमांक, माल उतरवण्याआधी ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. एजन्सीच्या मूळ मालकाला स्वतः फोन करा, झेरॉक्सवर जाऊ नका. ग्राहक आयोगात तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. आमची तयार होत आहे.

ठेकेदाराचा फोन अजून लागतो. परवा त्यानेच फोन करून विचारले, “काका, राहिलेले २,३५,९२० कधी देताय?”