काऊच टू फाईव्ह के: खेळ सुटलेल्यांनी घ्यावा का हा प्लॅन?

कॉलेजात खो-खो खेळायचे, मग नोकरी, मुलं, आणि मैदान सुटलं ते सुटलंच. चाळिशी ओलांडल्यावर परत सुरुवात केली ती या प्लॅनवर, म्हणजे सोफ्यावरून उठवून हळूहळू ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणाऱ्या वेळापत्रकावर. नेटवरचे बहुतेक रिव्ह्यू आयुष्यात कधीच न पळालेल्यांचे असतात, आमच्यासारख्या माजी खेळाडूंचं दुखणं जरा वेगळं, म्हणून लिहितेय.

प्लॅन तसा जुना, जॉश क्लार्कने १९९६ मध्ये बनवलेला, पुढे ब्रिटनच्या एनएचएसनेही (तिथली सरकारी आरोग्यसेवा) घेतला. ९ आठवडे, आठवड्याला ३ दिवस, मध्ये एक दिवस आराम. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं आणि मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. झालं, घरी जा.

६० सेकंद वाचून मला हसूच आलं होतं, पण माझ्या मते सगळे मार्क त्या ६० सेकंदांनाच. दम लवकर परत येतो हो, काही आठवड्यांत फरक कळतो, पण पोटऱ्या, नडग्या आणि टाचेमागची ती जाड शीर यांना दणके सोसायची सवय व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. छाती म्हणते पळ अजून, डोक्याला तर अजून आपण विशीतच वाटतो, आणि नेमकं तिथेच लोक लंगडायला लागतात. हा प्लॅन पळता येत असतानाही चालायला लावतो. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर माझं चालणं सुरू असताना साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक काकू "दमलीस का गं?" म्हणत पुढे निघून जातात, जाऊ देत.

आता तक्रार. पाचवा आठवडा. पहिल्या दिवशी ५-५ मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी ८-८ दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी थेट २० मिनिटं सलग! पहिल्यांदाच पळणाऱ्याला यातून कॉन्फिडन्स येत असेल, पण जुनं दुखणं असलेल्या गुडघ्याला ही उडी मोठी आहे. मी सरळ चौथा आठवडा परत केला, मग पाचवा निवांत. तसं करायला काहीच हरकत नाही, ९ आठवडे म्हणजे काही बोर्डाची परीक्षा नाही. आणि शेवटी ३० मिनिटं सलग पळता येतं, ५ किलोमीटर होतीलच असं नाही, त्याला किलोमीटरला ६ मिनिटांचा स्पीड लागतो. पळताना बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर स्पीड कमी करा, एवढं एक पाळा.

दुसरी उणीव म्हणजे मूळ प्लॅनमध्ये ताकदीचा व्यायामच नाही. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर, मग सावकाश खाली, आणि थोडे स्क्वॉट्स, हे आपलं आपण जोडायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक, पण एकाच जागी टोचत असेल आणि चालतानाही दुखत असेल तर पुढचा रन कॅन्सल. बीपी-शुगर असेल, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पळताना छातीत दाब किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा, डॉक्टरांना दाखवा, "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी जाऊन झोपू नका.

ॲप बरीच आहेत. माझ्या फुकटच्या ॲपमध्ये (नाव नको) ऐन पळताना लोनची जाहिरात वाजते आणि "आता चाला" ऐकूच येत नाही, वैताग नुसता. पैसे भरून जाहिराती घालवण्यापेक्षा वेळा कागदावर लिहून घ्या नि साधं घड्याळ लावा, चालतं तेवढं.

पाचपैकी चार स्टार, एक पाचव्या आठवड्याने खाल्ला.