सणाची शिवणपुडकी: कोणती घ्यावी, कोणती राहू द्यावी

कुडाळच्या बाजारपेठेत बटणं, रिळं, लेस, नाड्या विकणारं एक जुनं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं पावसाने केव्हाच धुऊन नेली, ती परत कोणी रंगवली नाहीत, त्यामुळे सगळे नुसतं 'बटणवाल्या काकींकडे' म्हणतात. त्यांनी आता नवशिक्यांसाठी सणाची पुडकी ठेवली आहेत. आत कापलेलं कापड, अस्तर, लेस, दोरा आणि हाताने काढलेल्या आकृतीचा एक कागद. चौरंगाचं आसन, वाणाचे बटवे, गुढीचं वस्त्र, दारावरचं तोरण आणि दिवाळीचा कापडी कंदील अशी पाच.

मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. मशीन कळते, शिवण कधी केलं नव्हतं. घरात आमच्या हिची माहेरून आलेली पायमशीन झाकून पडली होती, तिला तेलपाणी करून बसलो. पाचही पुडकी शिवून झाली आहेत. माझं मत आधीच सांगतो: आसन आणि बटवे बेलाशक घ्या, कंदील घेऊ नका.

आसनाचं पुडकं १८० रुपयांना. चौरंगाचं माप सांगितल्याशिवाय काकी कापडाला कात्री लावत नाहीत, हे मला फार आवडलं. आमचा चौरंग अठरा इंची. चारी बाजूंना दोन-दोन इंच खाली लोंबायला आणि अर्धा-अर्धा इंच शिलाईत, म्हणून त्यांनी तेवीस इंचांचा चौकोन कापला. कापड खणाचं, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, त्यामुळे मोठा चौरंग असेल तर मध्ये जोड येणार हे धरून चाला. शिवाय त्याचे दोरे फार सुटतात. काकींनी गल्ल्यावरूनच बजावलं, "काकानू, हेचे दोरे सुटतले. पयली काठाक टीप मारा, मगे बाकीचा."

तशी टीप मारून घेतली की पुढचं काम म्हणजे चार सरळ रेघा. खण आणि अस्तर, सुलट्या बाजू आत करून एकावर एक ठेवायचे, कडेने टीप मारायची, एका बाजूला चार बोटं जागा उघडी ठेवायची. चारी कोपऱ्यांचं जास्तीचं कापड तिरकं छाटायचं, पण टिपेला कात्री लागू द्यायची नाही. मग उघड्या जागेतून सगळं उलटवायचं आणि पेन्सिलच्या बोथट टोकाने कोपरे आतून ढकलायचे. कोपरा न छाटता उलटवला तर तिथे गाठ बसते आणि आसन चौरंगावर सपाट पडत नाही. शेवटी इस्त्री फिरवून कडेने लेस. टीप वाकडी जात असेल तर वरखाली होणाऱ्या सुईकडे बघू नका, प्रेशर फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या, कडेवर नजर ठेवा. गाडी चालवताना बॉनेटकडे नाही, रस्त्याकडे बघतात तसं.

या पुडक्याची खरी किंमत अस्तरात आहे. अस्तराचा मांजरपाट, म्हणजे जाडसर कोरं सुती कापड, धुतल्यावर आटतो. तो तसाच लावला तर पहिल्या धुण्यात आसनाला चुण्या पडतात. काकी तो आधीच भिजवून, सुकवून, इस्त्री करून देतात. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे रुमाल वाळत नाही, तिथे मीटरभर मांजरपाट कोण वाळवणार!

बटव्यांच्या एका पुडक्यात पाच बटवे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेव्हा वाण म्हणून हे उत्तम. सहा बाय सोळाची पट्टी मधोमध दुमडली की आठ इंच खोल बटवा. मात्र कागदावरची आकृती चुकीची आहे. तिच्यात बाजूची टीप अगदी वरपर्यंत दाखवली आहे. तशी मारली तर नाडी ओवायला तोंडच राहत नाही. वरचे दोन इंच सोडून टीप सुरू करा, सोडलेल्या कडा आत मुडपून शिवा, मग वरची कड खाली दुमडून नेफा, म्हणजे नाडी ओवायची पोकळ पट्टी, घाला. दोन नाड्या समोरासमोरच्या तोंडांतून ओवल्या की बटवा दोन्हीकडून आवळतो. हे काकींना सांगितलं, त्या "बरा" म्हणाल्या. आकृती अजून तीच आहे.

गुढीच्या वस्त्राला मशीनही लागत नाही. वरच्या कडेला दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घालून चुण्या ओढायच्या, झालं. गुढी सूर्यास्ताला उतरतेच, त्यामुळे कापड कोरंच राहतं. ज्याने आयुष्यात सुई धरली नाही त्याने इथून सुरुवात करावी.

तोरण देखणं आहे, पण त्याच्या टोकांत कॅनव्हास भरायचा असतो. चौदा नंबरच्या सुईला तिथे जड जातं, सोळाची लागते, आणि ती पुडक्यात नाही. सुटी मागून घ्या.

कंदिलाला लोखंडी तारेच्या कड्या दिल्या आहेत. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तार गंजते आणि पुढच्या दिवाळीला कापडावर तांबूस डाग. करायचाच असेल तर बांबूच्या कामट्या वाकवून घाला, आणि आत एलईडीच लावा, साधा बल्ब तापतो.

बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याचं पुडकं मिळेल का, असं नातवासाठी विचारलं होतं. मुंढा, म्हणजे हात घालायची जागा, गोल असतो, आत्ताच नको, म्हणून काकींनी परत पाठवलं. गिऱ्हाईक हातचं घालवलं, पण बरोबर केलं.

जाता जाता मशीनबद्दल. पावसाळ्यात सुई मशीनला लावून ठेवू नका. गंज धरते आणि पांढऱ्या अस्तरावर काळे ठिपके पडतात. तेल घातल्यावर आधी चिंधीवर दोन-चार टिपा मारा, जादा तेल तिथे निघून जाईल.

२०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे शिवायला वेळ आहे. तरी चाकरमानी उतरायच्या आधी जा, नंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दुपारी एक ते चार बंद. फोनवरून पैसे देता येतात, पण आत रेंज मिळत नाही, तेव्हा सुटे पैसे खिशात असू द्या.