दुभाष्यांना अर्थशास्त्र: आधी पुस्तक की आधी बाजार?

मेळघाटातल्या कोरकू-मराठी दुभाष्यांना आणि आमच्याकडच्या अनुवादकांना अर्थशास्त्राची तोंडओळख करून द्यायची, तर दोन वाटा आहेत. मी दोन्ही चालून पाहिल्यात.

पहिली वाट बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकाची. पीडीएफ फुकट मिळते, भाषा मराठी, मांडणी क्रमवार. लेखी अनुवाद करणाऱ्याला हीच वाट धरावी लागते. महागाईचा दर उतरला म्हणजे माल स्वस्त झाला असं नाही, भाव चढतातच, फक्त हळू. हे न शिकलेला ‘महागाई कमी झाली’ असं बिनधास्त लिहून जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ६.२५ वर आला. ही पाव टक्क्याची, बँकांच्या भाषेत २५ ‘बेसिस पॉइंट’ची कपात. त्याला कुणी ‘२५ टक्के’ केलं की बातमीच उलटी. पण कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळचा वर्ग भरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी वाट अकोटच्या कापूस बाजाराची आणि पीककर्जाच्या टेबलाची. तोंडी काम करणाऱ्यांसाठी मी हिलाच झुकतं माप देतो. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे सरकारी खरेदीत माल घेत नाहीत. ‘हमी’ हा शब्द ऐकून शेतकरी गाडी भरून येतो आणि यंत्रावर १३ चा आकडा दिसतो. तिथं उभ्या राहिलेल्या दुभाष्याला किमान आधारभूत किंमत, म्हणजे हाच हमीभाव, वेगळी शिकवावी लागत नाही.

कर्जाचंही तसंच. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, पण मुदतीत फेडलं तरच. एका बँकेच्या मेळाव्यात आमच्या दुभाष्यानं ‘बिनव्याजी’ ठासून सांगितलं, ‘तरच’ गिळलं. बँकेचा माणूसही घाईत होता म्हणा, पण पुढं गावानं जाब विचारला तो आम्हालाच. आता सरावात मी शेपटाकडून सुरुवात करायला लावतो: आधी अट, मग सवलत.

नुसता परिभाषा कोश वाटून मोकळं होण्याचा तिसरा मार्गही लोक सुचवतात. शब्द सापडतो, व्यवहार कळत नाही.

हाताशी सहा दिवस असतील तर दुभाष्यांना चार दिवस बाजारात न्या, दोन दिवस पुस्तक. अनुवादकांना याच्या उलट. आणि वर्ग ठेवायचाच असेल तर वेचणी उरकल्यावर ठेवा.