सेकंडहँड एक्स१ की क्यू३? दोन डिझेल गाड्यांची दुरुस्ती आणि तिचा खर्च

पहिल्या पिढीची ऑडी क्यू३ (८यू, २०११ ते २०१८) आणि दुसऱ्या पिढीची बीएमडब्ल्यू एक्स१ (एफ४८, २०१५ ते २०२२). दोन्ही दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणाऱ्या आणि आता वॉरंटीबाहेर गेलेल्या. किमतीचं गणित बऱ्याचदा जवळपास येतं आणि खरी निवड पुढच्या खर्चावर ठरते. मी क्यू३ निवडली. एक्स१ वाईट आहे म्हणून नव्हे; कुठल्या बाबतीत ती सरळ सरस आहे तेही खाली येईलच.

वापरलेली लक्झरी एसयूव्ही घेताना लोक स्पेअर पार्टच्या किमती विचारतात. माझ्या मते आधी विचारावं ते हे, की त्या पार्टपर्यंत हात पोचायला काय काय उतरवावं लागतं. मोठं बिल बहुतेक वेळा मजुरीचं असतं. आणि इथेच या दोन गाड्यांचा स्वभाव वेगळा पडतो.

एक्स१च्या बी४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची लय जुळवणारी साखळी) आहे आणि ती इंजिनाच्या मागच्या टोकाला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. हीच रचना आधीच्या एन४७ इंजिनात होती, जे २००९ साली आलेल्या पहिल्या एक्स१मध्ये (ई८४) होतं. एन४७च्या चेननं बरंच नाव खराब केलं. बी४७ त्या मानानं खूपच टिकाऊ आहे, हे मान्य करायलाच हवं. पण जागा तीच राहिली. चेनला वाट देणारे गाइड प्लास्टिकचे, ती ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालणारा. तेल पंचवीस-तीस हजार किलोमीटर तसंच फिरवलं, की काजळीनं ते घाण होतं, गाइड झिजतात, चेन सैल पडते आणि खरखर सुरू होते. हे लवकर लक्षात आलं तरी काम लहान होत नाही. एफ४८मध्ये इंजिन आडवं बसवलेलं असल्यानं गिअरबॉक्स तरी बाहेर काढावा लागतो, नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून खाली उतरवावे लागतात. चेन, गाइड, टेन्शनर यांची किंमत त्या मजुरीपुढे किरकोळ वाटते. आणि एवढं उघडल्यावर मागचं क्रँक सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याशी तेल अडवणारं) तसंच ठेवण्यात अर्थ नसतो, म्हणून तेही त्याच बिलात येतं.

मला खटकलं ते इतकंच: कंपनी या चेनचं बदलण्याचं ठरावीक अंतर देत नाही. म्हणजे खर्च येणार की नाही, आणि आला तर कधी, याचा अंदाज तुम्ही आवाजावरून बांधायचा. आधीच्या मालकानं तेल वेळेवर बदललं असेल तर दोन लाख किलोमीटरही बिनघोर जातील. नसेल बदललं, तर त्याची किंमत तुम्ही मोजाल. चेन तुटली वा दात सोडून सरकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात आणि मग हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम किंवा दुसरं इंजिन एवढेच पर्याय राहतात.

क्यू३च्या दोन लिटर टीडीआय डिझेल इंजिनात, जुनं ईए१८९ असो की २०१५च्या फेसलिफ्टनंतरच्या युरो ६ गाड्यांतलं ईए२८८, टायमिंग बेल्ट आहे. तो पुढच्या टोकाला, चाकाच्या बाजूला असतो. तुटला तर नुकसान चेनइतकंच मोठं, पण तो बदलायचा केव्हा हे आधीच माहीत असतं. कंपनीचं अंतर देश आणि इंजिन कोडप्रमाणे बदलतं, काही ठिकाणी २,१०,००० किमीपर्यंत जातं. मी मात्र तेवढं थांबू नका असंच म्हणेन. १,२०,००० ते १,५०,००० किमी किंवा आठ वर्षं, जे आधी येईल ते. कारण बेल्ट टिकला तरी त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप तेवढा टिकेलच असं नाही.

या कामाला पूर्ण किट घ्यावं: बेल्ट, टेन्शनर, आयडलर पुली, वॉटर पंप आणि एकदाच वापरायचे बोल्ट. उजवं इंजिन माउंट बेल्टच्या आड येतं, म्हणून इंजिनाला खालून आधार देऊन ते काढावं लागतं. त्याचे बोल्ट ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश अशा पद्धतीनं ताणून बसवलेले असतात, ते पुन्हा वापरू नयेत. क्रँक आणि कॅम लॉक करण्याची हत्यारं नसतील त्या गॅरेजात हे काम देऊच नका. हत्यारं आणि सवय असलेल्या माणसाचं हे एका दिवसाचं काम आहे, आणि गिअरबॉक्सला हात लागत नाही.

ईए२८८च्या वॉटर पंपाची एक खोड आहे. इंजिन लवकर तापावं म्हणून पंपाच्या पंख्यावर एक बाही सरकते आणि पाणी अडवते. ही बाही बंद स्थितीत अडकली, की कूलंट भरलेलं असूनही चढावर तापमान चढतं आणि हीटर मात्र गार हवा फेकतो. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा हेड गॅस्केटवर पैसे घालवण्याआधी पंप तपासा. बेल्टच्या वेळी पंप बदलला नसेल, तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

गिअरबॉक्समध्ये एक्स१ पुढे आहे. डिझेल एक्सड्राइव्हमध्ये (म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या बीएमडब्ल्यूत) आयसिनचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या माध्यमातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स, येतो. ट्रॅफिकमध्ये रांगताना तो गुळगुळीत चालतो आणि झिजणारे क्लच प्लेटचे संच किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं चाक) यांची चिंता त्यात तितकी नाही. तेल ‘आयुष्यभराचं’ म्हटलं जातं, तरी ८०,००० ते १,००,००० किमीदरम्यान बदललेलं बरं. पेट्रोल एक्स१ बघत असाल तर सावध राहा: नंतरच्या काही पेट्रोल मॉडेलांत सात गिअरचा ड्युअल क्लच आहे. चेसिस नंबरावरून खात्री करून घ्या.

क्यू३ क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) डिझेलचा सात गिअरचा एस ट्रॉनिक हा ड्युअल क्लच गिअरबॉक्स म्हणजे डीक्यू५००, तेलात बुडालेले क्लच असलेला. क्यू३च्या वेगवान आवृत्तीत, आरएस क्यू३मध्येही हाच होता, त्यामुळे साध्या डिझेलची ताकद त्याला जड नाही. याला हवं असतं ते दर ६०,००० किमीला तेल आणि सोबत फिल्टर. पातळी स्कॅनर लावून, इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंश असतानाच जुळवायची. नुसतं ‘निघालं तेवढं भरलं’ चालत नाही. रांगताना हिसके, उतारावर मागे घसरणं, इंजिन बंद करताना धातूचा खडखडाट ही क्लच आणि फ्लायव्हीलची लक्षणं. त्या कामाला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे इथे क्यू३ही महाग पडते. फरक इतकाच, की फ्लायव्हील आवाज करून बराच आधी सांगतं आणि इंजिनाचं वाटोळं करत नाही.

क्वाट्रोच्या मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या हॅल्डेक्स क्लचकडे बहुतेक मालक बघतच नाहीत. त्याला लिटरभराहून कमी तेल लागतं, साधारण तीन वर्षांनी. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्सला वेगळा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे. तेल बदलताना पंप काढून ती जाळी धुतली नाही, तर क्लचचा चुरा तिथे साचतो आणि शेवटी पंप जळतो. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. ओल्या चढावर फक्त पुढची चाकं फिरू लागली की कळतं. जाळी धुणं स्वस्त, पंप महाग.

एक्स१च्या बाजूनं आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्टचा धूर गार करणारा भाग. आतून कूलंट गळून काजळीत मिसळलं तर ते पेटू शकतं. याच कारणासाठी बीएमडब्ल्यूनं २०१८मध्ये डिझेल गाड्यांचा रिकॉल वाढवत सुमारे १६ लाखांपर्यंत नेला. तुमच्या गाडीला तो लागू होता का, हे चेसिस नंबरावरून समजतं. त्याखेरीज कूलंट वरचेवर घालावं लागतंय का, ते विचारा. दुसरी थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला की इंजिन पुरतं तापत नाही, आणि गार इंजिनावर डीपीएफची (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई सुरूच होत नाही. मग लोक डीपीएफला दोष देतात आणि स्वस्त थर्मोस्टॅटपायी महागडा फिल्टर बदलतात. स्कॅनरवर कूलंट हायवेवरही ७५ अंशांच्या खाली राहत असेल, तर आधी थर्मोस्टॅट बदला.

पुढचे कंट्रोल आर्म बुश (सस्पेन्शनचे रबरी जोड), स्टॅबिलायझर लिंक, सनरूफचे तुंबलेले निचरे या बाबतीत दोघी सारख्याच. एक्स१ला रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही चालणारे) टायर असतील तर बुशवर मार जास्त बसतो.

बघायला जाताना इंजिन पूर्ण गार असू द्या, विक्रेत्याला आधी सुरू करू देऊ नका. एक्स१मध्ये बोनेट उघडून गिअरबॉक्सच्या बाजूला कान द्या आणि इंजिन हळूहळू १,२०० ते २,००० आरपीएमपर्यंत न्या. सळसळ किंवा खरखर आली तर ती गाडी सोडा. क्यू३मध्ये बेल्टचं बिल मागा आणि त्यात पंपाचं नाव आहे का ते बघा. मग हीटर पूर्ण गरम करून चढावर चालवा, आणि परत आल्यावर इंजिन बंद होतानाचा आवाज ऐका.

तीन-चार वर्षांत विकायची असेल, तेलाच्या नोंदी चोख असतील आणि रोजचा प्रवास रांगत्या ट्रॅफिकचा असेल, तर एक्स१ घ्यायला हरकत नाही, कदाचित तीच बरी. पण गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल आणि जुन्या नोंदी अर्धवट असतील, तर माझा कल क्यू३कडे आहे. तिच्यात बेल्ट, गिअरबॉक्सचं तेल आणि हॅल्डेक्स ही तिन्ही कामं घेतल्या महिन्यातच उरकता येतात, आणि त्यांचा खर्च व्यवहार ठरवतानाच किमतीतून वजा करून मागता येतो. कोणतीही घेतलीत तरी तेल १०,००० ते १५,००० किमीला बदला: ऑडीला ५०७.०० आणि बीएमडब्ल्यूला एलएल-०४ प्रमाणाचं.