हॉस्पिटलचं नर्सेस हॉस्टेल: महागड्या शहरात नोकरी लागली तर खोली घ्यावी का?

मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात सिलेक्शन झालं की ऑफर लेटरबरोबर अजून एक फॉर्म हातात येतो, हॉस्टेल हवंय का नको. शहर महाग आहे, ओळखीचं कोणी नाही, त्यामुळे बहुतेक जणी लगेच हो लिहून टाकतात. मीही लिहिलं आणि आता बरेच दिवस तिथं काढल्यावर हा रिव्ह्यू लिहितेय. नाव देत नाही कारण मी अजून तिथंच राहते, आणि खरं म्हणजे बहुतेक हॉस्पिटलांची हॉस्टेलं अशीच चालतात त्यामुळे नावाने फार फरक पडणार नाही.

आधी चांगलं ते सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. अंतर! बाहेरच्या कुणाला हे कळत नाही पण नर्सच्या खोलीची खरी किंमत भाड्यात नसते, ती हॉस्पिटलपासून किती लांब आहे त्यात असते. नाइट संपताना काय होतं ते जिने केलंय तिला माहितीये. शेवटचे व्हायटल्स म्हणजे नाडी-बीपी-ताप, सकाळची औषधं, पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्या इनटेक-आउटपुटची बेरीज, चार्टिंग अर्धं राहिलेलं आणि तेवढ्यात एखादा नवीन पेशंट वर येतो, मग पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला प्रत्येक पेशंट समजावून द्यायचा, बेड टू बेड हँडओव्हर, ती रिलीव्हर उशिरा आली तर अजून थांबा, म्हणजे ड्युटी कागदावर संपते त्याच्या पाऊण-एक तासानंतर आपण प्रत्यक्ष सुटतो. त्यानंतर गर्दीच्या बसमधून दीड तास उभं राहून घरी जायचं का मागच्या गेटातून चालत पाच मिनिटांत खोलीत पोचायचं, हा फरक आहे. जाऊन-येऊन रोजचे तीन तास वाचले तर ते सगळे झोपेत जातात, आणि झोप आमच्या कामात चैनीची गोष्ट नाही, दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचं युनिट वाचताना डोळे नीट उघडे असायला लागतात.

इव्हिनिंग ड्युटीचं पण तेच. रात्री उशिरा सुटल्यावर एकटीने प्रवास करायची चिंता नाही, घरच्यांना फोन करून पोचले सांगायला नको.

पैशाचं बघितलं तर भाडं पगारातूनच कापतात आणि बाहेरच्या खोलीच्या मानाने ते बरंच कमी आहे. भाडं पगाराच्या तीस टक्क्यांच्या आत असावं असा एक ढोबळ हिशोब सांगतात, महागड्या शहरात स्टाफ नर्सच्या पगारात तो एकटीच्या खोलीला बसतच नाही, तिघी-चौघींनी मिळून घेतलं तर कसाबसा बसतो. वर डिपॉझिट, एजंटचं कमिशन, फर्निचर. शिवाय घरमालक विचारणार रात्री कुठे जाता, सकाळी कशा येता. हॉस्टेलात यातलं काही नाही, बॅग घेऊन या आणि राहा. नवीन मुलीसाठी ही सोय फार मोठी आहे.

आता झोपेचं, कारण माझ्या मते हॉस्टेलचे मार्क यावरच द्यायला पाहिजेत. रात्रीची ड्युटी शरीराला मुळातच उलटी जाते, उजेड डोळ्यांवर पडला की मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन कमी होतं, दिवसा शरीराचं तापमान वर चढत असतं, म्हणून दिवसाची झोप तुकड्या-तुकड्यांची आणि कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, शरीराचं घड्याळ बिघडवणारं शिफ्टचं काम २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि पुढे २०१९ मध्ये परत तपासून रात्रपाळी त्याच गटात कायम ठेवली. घाबरवायला नाही सांगत, पण जिथं राहणाऱ्या सगळ्याच नर्स आहेत तिथं हे माहिती असूनसुद्धा खिडक्यांना पातळ पांढरे पडदे आहेत! आम्ही सुरुवातीला चादरी लावायचो, नंतर वर्गणी काढून जाड काळं कापड आणलं. सकाळी दहाच्या सुमारास कॉरिडॉर पुसायला यायचे तेव्हा लोखंडी बादली सरकवल्याचा आवाज असा यायचा की कानात बोळे घालूनही जाग यायची. मग आमच्या मजल्यावरच्या एका सीनियर सिस्टरने दरवाज्यांवर रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, चिकटवायची पद्धत सुरू केली, जिची नाइट तिच्या नावापुढे लाल खूण, आणि वॉर्डनशी बोलून पुसायची वेळ दुपारी चारनंतरची करून घेतली. बादली पण प्लास्टिकची आली. खर्च जवळजवळ शून्य, पण मजल्याचं रूपच बदललं. वॉर्डनने ऐकलं हे मी तिच्या खात्यात जमा करते, सगळ्या ऐकत नाहीत.

खोली दोघींची आहे. रूममेट निवडायला मिळत असेल तर आपल्याच वॉर्डातली घेऊ नका. मैत्रीण असली तरी नको, कारण एकाच वॉर्डातल्या दोघींना इनचार्ज, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, एकत्र नाइट आणि एकत्र ऑफ सहसा देत नाही, वॉर्ड भरायचा असतो ना, म्हणजे एकीचा अलार्म नेहमी दुसरीच्या झोपेत वाजणार. वेगळ्या वॉर्डातली असेल तर दोन्ही इनचार्जना विनंती करून नाइट जुळवता तरी येतात. आम्ही तसं केलं, अगदी दर वेळी नाही जमत पण बऱ्याचदा जमतं.

गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. नाइटवाली येते त्यानंतर, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच गार पाणी, हे टायमिंग कोणी लावलं काय माहीत. वॉशिंग मशीन मजल्याला एक आणि ते फक्त गार पाण्यावर चालतं. युनिफॉर्म ६० अंशांवर दहा मिनिटं धुतला तर बहुतेक सगळे जंतू जातात, हे इन्फेक्शन कंट्रोलवाले आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि त्याच हॉस्पिटलच्या हॉस्टेलात ते करायची सोय नाही. मेसचं जेवण ठीक आहे, उशिरा येणारीसाठी झाकून ठेवतात. वायफाय बरं आहे.

आता जी गोष्ट फॉर्मवर लिहिलेली नसते ती. तुमचा मालक आणि तुमचा घरमालक एकच आहे. सुरुवातीला हे जाणवत नाही. मग एक दिवस नाइट करून झोपलेली असताना दारावर टकटक होते, वॉर्डात दोन स्टाफ कमी आहेत, तुम्ही इथंच आहात ना, चार तास याल का. बाहेर राहणारीला फोन जातो आणि ती तो न उचलू शकते, आम्हाला दार उघडावंच लागतं. सिक लीव्ह टाकली की मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, त्यांच्या ऑफिसमधून वॉर्डनला फोन, खोलीत आहे का बघा. पाहुण्यांचं रजिस्टर, रात्री परत आल्याची वेळ, सगळं लिहिलं जातं आणि कुठल्या टेबलावर जाऊन वाचलं जातं ते आपल्याला कळत नाही. आपण शिकलेल्या, रजिस्टर्ड, पेशंटचा जीव सांभाळणाऱ्या बायका आहोत, आपल्याला शाळेतल्या मुलींसारखं वागवलं की राग येतो, आणि यायलाच पाहिजे.

हा नुसता माझ्या मनाचा राग नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये नर्सिंग स्टाफसाठी वेगळी शिफारस केली, क्रमांक १५७, त्यात दोन शिफ्टच्या मधे सलग किमान १२ तास विश्रांती असावी असं आहे. त्याच्या आधी १९६१ मध्ये कामगारांच्या घरांबद्दलची शिफारस आली, क्रमांक ११५, त्यात तर स्पष्ट म्हटलंय की मालकाने स्वतः कामगारांना घर देणं साधारणपणे इष्ट नाही, अपवाद म्हणजे जिथं काम वस्तीपासून लांब आहे किंवा माणूस चटकन हजर व्हावा लागतो अशी कामं. हॉस्पिटलवाले या दुसऱ्या अपवादावर बोट ठेवतील. ठेवू देत, पण मग हाक मारली की तो वेळ ड्युटीत धरा, पैसे द्या आणि पुढची शिफ्ट मागे ढकला. भाड्याबद्दलही त्यात आहे की ते कामगाराच्या उत्पन्नाच्या वाजवी हिश्श्याच्या वर जाऊ नये आणि मालकाने त्यात नफेखोरी करू नये. या शिफारशी आहेत, कायदा नाही, प्रत्येक देशाचा नियम वेगळा. तरी युनियनच्या मीटिंगमध्ये क्रमांक सांगून बोललं की समोरचा नीट बसून ऐकतो हे मी पाहिलंय.

आणि नोकरी सोडताना सगळ्यात जास्त टोचतं. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला दुसरीकडे चांगली ऑफर होती, डायलिसिसमध्ये, तिला तेच करायचं होतं. राजीनाम्याबरोबर खोलीही जाणार आणि डिपॉझिटएवढे पैसे हातात नाहीत, म्हणून तिने ऑफर सोडली. स्वस्त खोलीचं भाडं असंही भरलं जातं.

मग मार्क किती? पहिल्या वर्षासाठी पाचपैकी चार देईन, त्यानंतर अडीच. नवीन असाल तर डोळे झाकून घ्या, पण पहिल्या पगारापासून वाचलेल्या भाड्यातले थोडे पैसे डिपॉझिट म्हणून वेगळ्या खात्यात टाकत जा, आणि दोन-तीन जणी मिळून चालत जाता येईल अशा अंतरावर खोली बघायला लागा. ज्यांना लहान मूल आहे किंवा नवरा बरोबर आहे त्यांच्यासाठी इथं काहीच सोय नाही, त्यांनी फॉर्म भरण्यात वेळ घालवू नये.

फॉर्मवर सही करायच्या आधी एचआरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नोकरी सोडल्यावर खोली रिकामी करायला किती दिवस मिळणार, भाडं कधी आणि किती वाढू शकतं, आणि ऑफच्या दिवशी बोलावलं तर त्याचे पैसे कसे धरणार. आणि खोली बघायला संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. सकाळी अकराला जा, दार लावून दहा मिनिटं गादीवर पडून राहा, किती उजेड येतो आणि कसले कसले आवाज येतात ते लगेच कळेल.